एका मुलासाठी सगळ्या नोट्स नव्याने करायच्या का?

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): पत्र लिहिणाऱ्या मॅडम नाशिकमधल्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने, अर्थशास्त्र शिकवतात, मराठी माध्यम. 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद असणार, पोरांना येता येणार नाही, म्हणून कॉलेजने सगळ्यांना लेक्चर्स रेकॉर्ड करून आणि नोट्स पीडीएफ करून ऑनलाइन टाकायला सांगितलंय. मॅडमचं बरंचसं काम उरकलंय. पण एसवायच्या वर्गात एक पूर्ण अंध मुलगा आहे, दिंडोरी तालुक्यातून एसटीने येतो, आणि एका मुलीला कमी ऐकू येतं, मशीन लावते. मुलगा म्हणाला पीडीएफ उघडते पण फोन काही वाचत नाही, "पण राहू द्या मॅडम, मित्र वाचून दाखवतो." विभागप्रमुख म्हणतात एका-दोघांसाठी कुठे एवढं करत बसता, लेखनिक देतोच की आपण. एक सहकारी म्हणतात असं सोपं करत गेलं तर स्टँडर्ड राहणार नाही. मॅडमच्या मनात आहे की दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या नोट्स स्वतःच्या आवाजात वाचून रेकॉर्ड करून द्याव्यात. घरी दोन लहान मुलं, तासावर मिळणारे पैसे तेही उशिरा. करायचं का, आणि कितपत करायचं?

उत्तर:

मॅडम, आधी ते रेकॉर्डिंगचं डोक्यातून काढून टाका. दिवाळी घरच्यांबरोबर काढा.

रागावू नका, पण आवाजात वाचून दिलेल्या नोट्स त्या मुलाच्या तुम्हाला वाटतं तेवढ्या उपयोगाच्या नाहीत. एका चॅप्टरचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे आणि त्याला परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त "सीमांत उपयोगिता"ची व्याख्या पाहिजे, तर तो ती शोधणार कशी, पुढे-मागे करत अंदाजाने बोट फिरवत बसेल. त्याच्या फोनमध्ये टॉकबॅक असणार, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, अँड्रॉइडमध्ये ते येतंच, आणि रोज वापरणारी मुलं ते इतक्या स्पीडने ऐकतात की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही. त्याला नीट टेक्स्ट मिळालं तर तो हेडिंगवरून हेडिंगवर उडी मारेल, शब्द सर्च करेल, स्पेलिंग अडलं तर एकेक अक्षर ऐकेल. लेखनिकाला सांगून पेपर लिहायचा म्हणजे "सीमांत" ऱ्हस्व का दीर्घ हे त्यालाच माहीत पाहिजे ना. शिवाय सिलॅबस बदलला की तुमचं रेकॉर्डिंग गेलं कचऱ्यात, फाइलमध्ये मात्र दोन पॅरा बदलून काम भागतं.

तर आता फोन का वाचत नाही ते बघू. तुमची एक पीडीएफ उघडा, दोन ओळी सिलेक्ट करून कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःलाच पेस्ट करून पाठवा. ओळी सिलेक्टच झाल्या नाहीत तर ती पीडीएफ म्हणजे नुसते फोटो आहेत, वहीचे नाहीतर झेरॉक्सचे, फोनला त्यात अक्षर म्हणून काही दिसतच नाही. सिलेक्ट झाल्या पण पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर फॉन्ट जुना आहे. आपल्याकडे हा प्रकार फार, कारण नोट्स टाईप करून घ्यायच्या त्या डीटीपीवाल्याकडून, आणि त्याच्याकडे वर्षानुवर्षं श्रीलिपी नाहीतर कृतीदेव. डोळ्याला मस्त मराठी दिसतं, आत मात्र सगळं इंग्रजीच असतं. कृतीदेवात "मराठी" हा शब्द टाईप केला की फाइलच्या पोटात ई, जे, के, कॅपिटल बी, एच एवढंच साठतं, आणि स्क्रीन रीडर बिचारा तेच वाचतो. पानभर असलं ऐकलं की कोणीही म्हणेल, राहू द्या मॅडम.

आणि पेस्ट केल्यावर नीट मराठी आलं तर फाइल युनिकोडमध्ये आहे, म्हणजे आतही मराठी अक्षरंच साठलीत, निम्मी लढाई जिंकली. मग त्याच्या फोनमध्ये मराठी आवाज डाउनलोड केलाय का तेवढं बघा, कधी कधी फाइल बरोबर असते आणि फोनच इंग्रजीवर सेट असतो. कॉलेजच्या लॅबमध्ये एनव्हीडीए हा कॉम्प्युटरचा स्क्रीन रीडर टाकून घ्या, एक रुपया लागत नाही, ऑस्ट्रेलियातल्या एका अंध प्रोग्रामरने 2006 मध्ये सुरू केलेलं सॉफ्टवेअर आहे आणि त्यात मराठी आवाज येतो.

दुरुस्ती कशी करायची? फोटोवाल्या पीडीएफ गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्सने उघडा, मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी टेक्स्ट होऊन येतो. हस्ताक्षराचं काही सांगता येत नाही, आणि तक्त्यातले आकडे हमखास इकडेतिकडे होतात, ते डोळ्याखालून घालावेच लागतात. जुन्या फॉन्टसाठी नेटवर फुकट कन्व्हर्टर आहेत, जोडाक्षरं आणि रफार तेवढे तपासा. हे तपासायचं काम एकट्याने करू नका, एनएसएसच्या पोरांना वर्षाला 120 तास भरायचे असतात आणि दर वर्षी तेच ते ग्राउंड झाडून होतं, त्यातले काही तास इथे लावा. प्रूफ वाचता वाचता त्यांचाही अभ्यास होईल.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, मराठीत पीडीएफचा हट्ट धरू नका. युनिकोडमध्ये टाईप केलेली पीडीएफसुद्धा कधी कधी वेलांट्या आणि जोडाक्षरं मोडून वाचली जाते. पीडीएफ टाकायचीच असेल तर टाका पण शेजारी वर्डची फाइल नाहीतर गुगल डॉकची लिंक द्या. आणि वर्डमध्ये मथळा नुसता बोल्ड करून मोठा करू नका, "हेडिंग 1", "हेडिंग 2" असं स्टाइल लावा. तुम्हाला दिसायला फरक पडत नाही, त्याला मात्र तीस पानांची फाइल म्हणजे एक सलग भिंत का अनुक्रमणिका असलेलं पुस्तक, एवढा फरक पडतो. वर्डमध्ये रिव्ह्यूखाली अ‍ॅक्सेसिबिलिटी तपासायचं बटण असतं, काय राहिलं ते तेच सांगतं.

तुमच्या विषयात खरी अडचण आकृत्यांची. व्हिडिओत आपण सगळेच बोलतो, "हे बघा, हा असा इथून खाली आला, आणि हा इथे त्याला छेदतो." डोळे मिटून ऐका स्वतःचं एखादं लेक्चर, काय कळतं बघा. आणि नोट्समध्ये आकृतीखाली लिहिलेलं असतं "आकृती क्र. 3, मागणी वक्र", झालं. त्याऐवजी ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे चित्रावर राइट क्लिक करून जो मजकूर भरता येतो तिथे, असं लिहा: "आडव्या अक्षावर कांद्याची मागणी किलोत, उभ्या अक्षावर किलोचा भाव. भाव 40 रुपये असताना मागणी 10 किलो, 30 ला 20 किलो, 20 ला 30 किलो. हे बिंदू जोडणारी रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते." दोन मिनिटांचं काम आहे. आणि वर्गात बसलेल्या डोळस पोरांपैकीही निम्म्यांना तो वक्र खाली का येतो हे याच चार वाक्यांनी कळेल, कारण आता त्यात लासलगावचा कांदा आला. त्या मुलाला मात्र वक्र बोटाला लागू दे एकदा. जाड पुठ्ठ्यावर लोकरीचा दोरा फेव्हिकॉलने चिकटवा, दोन अक्ष, एक मागणी, एक पुरवठा, छेदतात तिथे एक टिकली. पाच-सहा मुख्य आकृत्या अशा केल्या की वर्षभर पुरतात.

आकडेवारीचा तक्ता एक्सेलचा स्क्रीनशॉट काढून चिकटवू नका, तक्ताच ठेवा, सेल मर्ज न करता. आणि स्लाइडवर "लाल रंगातलं पाठ करा" असलं काही नको, लाल-हिरवं वेगळं न दिसणारी मुलं वर्गात असतात आणि ती कधी सांगत नाहीत.

आता त्या मुलीकडे वळू, तुमच्या पत्रात तिच्याबद्दल दीड ओळ आहे. साहजिक आहे, कारण तिने तक्रार केली नाही, मशीन लावते म्हणजे तिला ऐकू येतं असं आपण धरून चालतो. मशीनने आवाज मोठा होतो, स्वच्छ होतोच असं नाही, त्यात तुमच्या व्हिडिओत मागे पंखा, बाहेर हॉर्न, आणि काही जण सुरुवातीला म्युझिक लावतात (कोण सांगतं यांना ते म्युझिक लावायला देव जाणे). खिडकी पाठीशी घेऊन बसू नका, चेहरा काळा पडतो आणि ओठ दिसत नाहीत. बोलताना फळ्याकडे तोंड करू नका. कॅप्शन आपोआप येतात त्यांवर विसंबू नका, "घटती सीमांत उपयोगिता"चं काय होतं ते एकदा वाचून बघा. सोपा मार्ग म्हणजे लेक्चरच्या आधी गुगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंग मराठीवर लावून सगळा मुद्दा बोलून घ्या, चुका सुधारा, तीच तुमची स्क्रिप्ट. ती व्हिडिओखाली टाका, वेळ मिळेल तशी कॅप्शनमध्ये भरा. आणि गंमत बघा, तीच स्क्रिप्ट त्या मुलाच्या नोट्स म्हणून चालते, आणि पेठ-सुरगाण्याकडच्या ज्या पोरांचा नेटपॅक व्हिडिओत संपतो त्यांनाही.

इथे "एका-दोघांसाठी" या म्हणण्याबद्दल बोलायला पाहिजे. दोघं आहेत हे तुम्हाला कशावरून कळलं? एकाचं अंधत्व दिसतं म्हणून आणि दुसरीचं मशीन दिसतं म्हणून. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यातले कितीतरी बाहेरून कळतच नाहीत. वाचता-लिहिताना अडखळणारी, डिस्लेक्सियाची मुलं त्यात आहेत, मानसिक आजाराची आहेत, सिकल सेलची आहेत. आपल्या आदिवासी पट्ट्यातून नाशिकला शिकायला येणाऱ्या एखाद्या पोरीला सिकल सेलचा त्रास उठला की आठवडाभर ती होस्टेलच्या खोलीतून हलत नाही, आपण हजेरीपटावर गैरहजर लिहून मोकळे. बारावीपर्यंत कशीबशी आलेली ही मुलं सर्टिफिकेट काढत नाहीत, काढलं तर कॉलेजात दाखवत नाहीत. म्हणून पुढच्या लेक्चरला सगळ्यांसमोर एवढंच सांगा की ज्याला कोणाला नोट्स, व्हिडिओ किंवा टेस्टमध्ये अडचण येते त्याने मला पर्सनल मेसेज करा, कारण सांगायची गरज नाही. बोट कोणाकडेच दाखवू नका, वर्गात "आपल्या ह्याच्यासाठी मी खास" वगैरे तर अजिबात नको.

"राहू द्या मॅडम"चं काय? तुम्ही ते ऐकून हलक्या झालात असं पत्रात लिहिलंय, प्रामाणिकपणे लिहिलंय. पण तो मित्र वाचून दाखवतो म्हणजे काय होतं याचा विचार करा. मित्राला वेळ असेल तेव्हा वाचतो, त्याला महत्त्वाचं वाटेल तेवढंच वाचतो, कंटाळा आला की "पुढे काही विशेष नाही रे" म्हणतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तो स्वतःचाच अभ्यास करणार, करायलाच पाहिजे. म्हणजे या मुलाने काय आणि किती शिकायचं हे दुसरा मुलगा ठरवतोय. आणि असा मुलगा पहिलीपासून कोणाला ना कोणाला त्रास देतोय असं ऐकतच मोठा झालेला असतो, त्याच्या "राहू द्या"ला होकार समजू नका. फोन करा त्याला, संध्याकाळी, निवांत. "तुला काय मदत करू" असं मोघम विचारू नका, त्यावर तो परत काही नको म्हणेल. कुठलं अ‍ॅप वापरतोस, वर्ड बरं पडतं का गुगल डॉक, कालच्या फाइलमध्ये नेमका कुठे अडलास, असं विचारा. जमलं तर वीस मिनिटं शेजारी बसून त्याचा फोन तुमच्या नोट्स कशा वाचतो ते ऐका. या उत्तरात मी लिहिलंय त्यापेक्षा जास्त त्यात कळेल, आणि माझं काही चुकत असेल तर तेही कळेल.

ऑनलाइन टेस्टचं लगेच बघा, कारण तिथे थेट मार्क जातात. टायमर सगळ्यांना सारखा लावू नका. लेखनिक घेण्याचा हक्क असलेल्या विद्यार्थ्याला तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ द्यायची असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, कॉलेजात ऑनलाइन टेस्टसाठी मूडल हे सॉफ्टवेअर असेल तर एकेका विद्यार्थ्यापुरती वेळ वाढवता येते, बाकीच्यांना कळतही नाही. माऊसने ओढून लावायच्या "जोड्या लावा" टाळा. प्रश्न फोटोतून टाकू नका. आणि नोटिसा! प्राचार्यांच्या सही-शिक्क्याची नोटीस मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकली जाते, त्या मुलाच्या फोनवर नुसतं "फोटो" एवढंच ऐकू येतं. खाली दोन ओळी टाईप करायला काय जातं? फॉर्म भरायची शेवटची तारीख अशीच हुकते.

स्टँडर्डवाल्या सहकाऱ्यांशी वाद घालत बसू नका. प्रश्न तोच, वक्र तोच, मार्किंग स्कीम तीच. फाइल उघडता येणं ही काही अर्थशास्त्राची परीक्षा नाही.

पाठ्यपुस्तकांचं म्हणाल तर सगळं तुम्हीच स्कॅन करायला पाहिजे असं नाही. सुगम्य पुस्तकालय म्हणून अंध वाचकांसाठी ऑनलाइन लायब्ररी 2016 पासून आहे, आधी तिथे शोधा. सातपूरला नॅब या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेची महाराष्ट्र शाखा आहे, तिथे जाऊन विचारा, टॉकबॅक आणि एनव्हीडीएवर सराईत असलेली माणसं तिथे भेटतील. प्रकाशक ओरडेल अशी भीती असेल तर ती सोडा, कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीसाठी वाचता येईल अशी प्रत करायला मुभा दिलीय, नफ्यासाठी नसावी आणि त्यांच्यापुरतीच असावी. म्हणजे ती फाइल एसवायच्या ग्रुपवर सगळ्यांना फुकट पुस्तक म्हणून टाकू नका.

आता तुमच्यावर किती ओझं घ्यायचं हे. जुन्या सगळ्या व्हिडिओंना हात लावू नका. आजपासून जे नवीन कराल ते युनिकोडमध्ये, हेडिंग लावून, आकृती शब्दांत सांगून करा, त्याला जादा वेळ फारसा लागत नाही. जुन्यापैकी या सेमिस्टरच्या परीक्षेला असलेले चॅप्टर आधी. बाकीचं कॉलेजचं काम आहे, तुमचं एकटीचं नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. दिव्यांग हक्क कायद्याची कलमं 16 आणि 17 सरकार आणि संस्थांबद्दल बोलतात, तासावर शिकवणाऱ्या बाईंबद्दल नाही. यूजीसीने 2022 मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, त्यात डिजिटल साहित्य येतं. आणि सुप्रीम कोर्टाने 30 एप्रिल 2025 ला ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या, प्रकरणात सांगून टाकलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

पण विभागप्रमुखांसमोर कोर्ट काढू नका, सीएचबीची ऑर्डर दर वर्षी नवीन निघते हे मलाही माहीत आहे. नॅक काढा, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी संस्था. नॅकच्या सातव्या निकषात दिव्यांगस्नेही सोयींची माहिती मागत आलेत, त्यात रॅम्प आणि टॉयलेटबरोबर स्क्रीन रीडर आणि वाचन साहित्याच्या सॉफ्ट कॉपी हेही येतं. रॅम्पचा फोटो सगळीच कॉलेजं लावतात, हे दुसरं फार थोड्यांकडे असतं. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजातल्या दर्जा बघणाऱ्या समितीच्या, समन्वयकांना हे बरोबर कळेल, त्यांच्यामार्फत गेलात तर तुमच्या नावावर भांडखोरपणा लागणार नाही.

त्यांच्याकडे अर्ज एका पानाचा द्या, तीन मागण्या पुरे: लॅबमध्ये एनव्हीडीए, नोट्स तपासायला एनएसएसचे तास, आणि डीटीपीवाल्याला इथून पुढे फक्त युनिकोडमध्ये काम द्यायची ऑर्डर. ही तिसरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगाची, कारण ती झाली की मराठी, इतिहास, राज्यशास्त्र सगळ्यांच्या नोट्स आपोआप सुटतात. अर्ज दोन प्रतीत न्या, आवक क्रमांक टाकून पोच घ्या, तोंडी "बघू" वर परत येऊ नका.